अनुभवाचा दाखला

शाळेच्या कौलांवर जांभळाची एक फांदी आली होती, एवढीच गोष्ट. त्या फांदीपायी मी सात-आठ महिने जिवाचा नुसता संताप करून घेतला आणि वर एका भल्या माणसाचं वर्ष बुडवलं. आजही कुणी ‘झाडं वाचवा’ म्हणून सह्या मागायला दारात आलं की मी सही करते. पण तेव्हा माझं तोंड बघण्यासारखं नसतं, असं माझी मुलगी म्हणते.

आणीबाणी उठून वर्ष-दीड वर्ष झालं असेल. मी पुण्याहून मुळशी धरणाच्या काठच्या एका गावात शिक्षिका म्हणून गेले होते. पहिली ते चौथी, एक खोली, एक फळा, चौतीस मुलं आणि मी. मुख्याध्यापिका मीच, शिपाई मीच, घंटा वाजवणारीही मीच. शाळेचा गोल शिक्का माझ्या टेबलाच्या खणात असायचा आणि त्याचा मला फार अभिमान होता. वय सव्वीस, दुसरं काय? कुणी मुलाचा दाखला मागायला आलं तर दोन ओळींत भागण्यासारखं असताना मी पानभर लिहून देई. मुलगा कसा आहे, पाढे कुठपर्यंत येतात, अक्षर कसं आहे. अर्धवट लिहिणं म्हणजे खोटं लिहिणं, असं माझं तेव्हाचं मत होतं.

जांभूळ शाळेच्या मागे गायरानात उभं होतं. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली तेव्हा माझ्या लक्षात आलं, की त्याची सगळ्यात जाड फांदी, माझ्या कमरेएवढी, खोडापाशी उभी चिरली आहे. चिरेत चार बोटं सहज जात होती. फांदी पसरली होती ती नेमकी पहिली-दुसरीची मुलं बसतात त्या बाजूच्या कौलांवर. वारा सुटला की करकर आवाज व्हायचा आणि चौतीसच्या चौतीस डोकी वर बघायची. मी ‘खाली बघा’ म्हणून ओरडायचे आणि स्वतः वर बघायचे.

गावात झाडाचं काही काम निघालं की लोक एकाच माणसाला बोलवत. सगळे त्यांना आबा म्हणत. साठीला आलेले, अंगानं वाळलेले, पण झाडावर असे चढायचे की खालच्या माणसाला आपलंच वय झाल्यासारखं वाटावं. ते काही कुणाकडे शिकले नव्हते. त्या भागात भाताचं रोप टाकायच्या आधी वाफा भाजतात, त्याला राब म्हणतात. राबासाठी झाडाच्या पानांसकट फांद्या लागतात, ती कवळ. माघ-फाल्गुनात कवळ तोडायची, वाळवायची, शेण-पाचोळ्याबरोबर वाफ्यावर पसरून उन्हाळ्याच्या शेवटी पेटवायची. राब चांगला भाजला तर तण जळतं आणि रोप जोमानं येतं. न भाजता पेरलं तर भातापेक्षा गवतच जास्त. म्हणजे आबा जन्मभर कवळ तोडत आले होते, आणि त्यांच्या हाताखालून गेलेलं झाड दुसऱ्या वर्षी पुन्हा भरून यायचं, असं गाव म्हणायचं.

आबांनी फांदी बघितली, चिरेत बोटं घातली आणि म्हणाले, “दोन तासाचं काम हाय, बाई. रविवारी पोरं नसत्यात, तवा काढून टाकतो.”

“आबा, जांभूळ कायद्याच्या यादीतलं झाड आहे. परवानगीशिवाय त्याला हात लावता येत नाही.”

“कुनाची परवानगी?”

“सरकारची.”

“सरकारला म्हाईत हाय व्हय, फांदी मोडाया आलीया म्हनून?”

मी त्यांना समजावलं, की आपण शाळा आहोत, शाळेनंच कायदा मोडला तर मुलांनी काय शिकायचं? त्यांनी कोयता कमरेला अडकवला. जाताना फक्त म्हणाले, “इचारा मग. पन जांभळावर भरवसा ठिवू नगा. त्ये सांगून मोडत न्हाई.”

मग तालुक्याच्या गावी, पौडला, माझ्या वाऱ्या सुरू झाल्या. सकाळच्या एसटीनं जायचं, शाळा बुडायची, त्याची रजा माझ्या खात्यावर. तलाठी म्हणाले, जमीन गायरान आहे, पण झाड यादीतलं, तेव्हा जंगल खात्यात जा. जंगल खात्यातले कारकून म्हणाले, झाड यादीतलं खरं, पण जमीन महसुलाची, तेव्हा त्यांचं पत्र आणा. पत्र आणलं तर म्हणाले, इमारत पंचायत समितीची आहे, त्यांचं ‘धोका आहे’ म्हणून पत्र कुठाय? पंचायत समितीत सांगितलं, की धोका आहे की नाही हे ठरवायला ओव्हरसियर लागेल आणि ओव्हरसियर रजेवर आहे. सरकारी काम आणि सहा महिने थांब, हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. पण ते इतकं शब्दशः असेल असं वाटलं नव्हतं.

एकदा मी त्या कारकुनांवर चिडले. म्हटलं, “जमीन महसुलाची, इमारत पंचायत समितीची, झाड तुमचं. मग खाली बसलेली मुलं कुणाची?”

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि अगदी सरळपणे सांगितलं, “मुलं तुमची.”

परतीच्या एसटीत मी रडले. दुःखानं नव्हे, रागानं. शेजारच्या बाईला वाटलं माहेरचं कुणी गेलं असावं. तिनं मला पदरातले चार शेंगदाणे दिले.

फेब्रुवारी सरता सरता सगळी पत्रं जमली. कारकुनांनी ती टाचली, उलटून पाहिली आणि म्हणाले, “आता एकच राहिलं. यादीतलं झाड कुणालाही तोडू देत नाहीत. पुण्याला बागेत असतात तसा जाणकार माणूस पाहिजे. उद्या झाड मेलं तर जबाबदारी कुणाची? तोडणाऱ्याच्या अनुभवाचा दाखला जोडा.”

“दाखला कुणाचा चालेल?”

“कुणाही जबाबदार अधिकाऱ्याचा. तुमचा शिक्का आहेच की.”

मला हर्ष झाला. सबंध तालुक्यात दाखला लिहिण्यात माझा हात धरणारं कोण होतं? आणि आबांसारखा जाणकार कुठल्या बागेत होता? त्याच संध्याकाळी मी वही घेऊन त्यांच्या पडवीत गेले. आबा नुकतेच रानातून आले होते, कोयता अजून कमरेच्या आकडीत होता. कशासाठी विचारते आहे हे सांगितल्यावर ते लाजले. मग खुलले.

“शेंडा कदी तोडायचा न्हाई, बाई. शेंडा ग्येला की झाडाला वर जायाचं ध्यान ऱ्हात न्हाई. घाव आदी खालून घालायचा, मंग वरनं. न्हाईतर फांदी पडताना खोडाची साल वडून न्हेती. आन एकदा कवळ काडली की त्या झाडाला दोन वरसं इसावा द्यायाचा. मानसाला लागतो तसा.”

“किती वर्षं करताय हे?”

“बाच्या संगं जात हुतो तवापास्नं. धरा चाळीस.”

“आणि कुठली कुठली झाडं?”

“ऐन, किंजळ. कदी जांभूळ. हितल्या रानातलीच की समदी.”

मी सगळं लिहून घेतलं. रात्री बसून सुवाच्य अक्षरात दाखला केला. तो मला अजून पाठ आहे. ‘सदर इसम गेली चाळीस वर्षे दरसाल राबाकरिता या परिसरातील ऐन, किंजळ, जांभूळ इत्यादी झाडांची कवळ तोडत असून त्यांच्या हातून आजवर एकही झाड मेलेले नाही. चालू सालीही त्यांनी सुमारे वीस झाडे उत्तम रीतीने छाटली असून ती मी समक्ष पाहिली आहेत.’ शेवटचं वाक्य घालायची काही गरज नव्हती. पण मधल्या एका रविवारी मी खरोखरच रानात बघायला गेले होते, मग लिहायला नको? खाली सही केली आणि शिक्का मारला, गोल, स्वच्छ, एकही अक्षर न फाटता.

याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. आणि हात तरी माझा कुठे होता?

पंधरा-वीस दिवसांनी जंगल खात्याचा गार्ड गावात आला. मी खिडकीतून पाहिलं आणि मुलांना म्हटलं, “आली बरं का आपली परवानगी!” गार्ड शाळेकडे न वळता आबांच्या शेताकडे गेला. मी मुलांना पाढे लिहायला लावून मागोमाग गेले. शेताच्या कडेला कवळ वाळत पडली होती, दीड माणूस उंच ढीग. गार्ड तिच्याभोवती फिरून फांद्या मोजत होता. त्याच्या हातात माझा दाखला होता.

ऐन यादीतला. किंजळ यादीतली. जांभूळ तर यादीतलं म्हणून मीच आबांना बजावलं होतं, आणि दाखल्याच्या भरात तेच विसरले होते. स्वतःच्या बांधावरचं असलं तरी यादीतलं झाड ते यादीतलंच. शिवाय काही झाडं जंगलाच्या हद्दीत होती, हे आबांनीच मोकळेपणानं सांगितलं, कारण ती हद्द त्यांना कुणी कधी दाखवलीच नव्हती. परवानगीशिवाय चाळीस वर्षं तोड, आणि चालू सालची तोड शिक्षिकेनं समक्ष पाहिलेली. पंचनामा झाला. कोयता जप्त. कवळ जप्त. निकाल लागेपर्यंत तिला हात लावायचा नाही.

मी गार्डला गाठलं. तोही आसपासच्याच गावचा होता. “अहो, सगळं गाव कवळ तोडतं! तुम्ही तोडत नाही का?”

“तोडतो की,” तो म्हणाला. त्याचा आवाज खालीच होता. “माझ्या घरी बी राब भाजत्यात. मला म्हाईत न्हवतं व्हय, बाई? पर म्हाईत असनं येगळं आन लिवलेलं असनं येगळं. तुमचा कागद सायबाच्या टेबलावर ग्येला. त्याला आवक नंबर पडला. आता मी डोळं झाकले तर माजी नोकरी जाती.”

“पण तो दाखला मी त्यांच्या चांगल्यासाठी लिहिला होता!”

“व्हय. लई चांगला लिवलाय,” तो म्हणाला. तो माझी थट्टा करत नव्हता, हेच जास्त लागलं.

आबा ढिगाशी बसून होते. मी समोर जाऊन उभी राहिले. त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, “राब कवा भाजायचा, बाई? येळ लई न्हाई.”

वेळ खरंच नव्हता. मार्च संपत आला होता. मे महिना सरायच्या आत राब भाजला नाही तर रोप नाही, आणि रोप नाही तर त्या घराला वर्षभराचा भात नाही. त्यांची दुसरी जमीन नव्हती. आता मी फांदी विसरले आणि कवळ सोडवायला पौडच्या वाऱ्या धरल्या. शनिवारी सकाळची शाळा सुटली की आबांना घेऊन निघायचं. तेच कारकून, तोच चहा. साहेब दौऱ्यावर. साहेब मीटिंगला. साहेब आहेत, पण फाईल पुण्याला गेली आहे. मी दुसरा अर्ज दिला, की दाखल्यातला मजकूर माझ्या अज्ञानामुळे लिहिला गेला, तो रद्द समजावा. कारकून म्हणाले, “आवक झालेला कागद रद्द होत नसतो. मजकूर खोटा आहे असं लिहून द्या, मग बघू. पण मग खोटा दाखला दिला म्हणून तुमच्यावर येईल.”

इथं मी गप्प बसले. हे मला लिहायला जड जातंय, पण मी गप्प बसले. नोकरी नवी होती, घरी धाकट्या बहिणींची शिक्षणं व्हायची होती. आबा शेजारच्या बाकावर टोपी हातात घेऊन बसले होते. त्यांना आमचं बोलणं किती कळलं ते मी कधी विचारलं नाही.

गावात बायका माझ्याशी बोलेनाशा झाल्या. पाणवठ्यावर मी गेले की गप्पा थांबायच्या. त्यांचंही खरं होतं. आज आबांची कवळ, उद्या कुणाची? ज्यांची उरली होती त्यांनी घाईघाईनं वाफ्यावर पसरून पेटवून दिली. सगळ्या शिवारात राब भाजल्याचा धूर होता, फक्त आबांचा वाफा तेवढा कोरा.

निकाल लागला तो जूनच्या दुसऱ्या आठवड्यात. साहेब वाईट नव्हते. फाईल चाळून म्हणाले, गरीब माणूस आहे, समज देऊन सोडू. यापुढं कोणत्याही झाडाला हत्यार लावणार नाही असं हमीपत्र द्या. आबांना लिहिता येत नव्हतं. कारकुनांनी कागद माझ्यापुढे सरकवला. ‘मी यापुढे कधीही…’ मी लिहीत गेले. आबांनी अंगठा उठवला. कोयता परत मिळाला. कवळ केव्हाच पावसात भिजून काळी पडली होती. आणि उठता उठता कारकुनांनी आणखी एक पाकीट माझ्या हातात दिलं. जांभळाची परवानगी! एक फांदी, अनुभवी इसमाकडून.

एसटीत मी ते पत्र आबांना वाचून दाखवलं. ते खिडकीबाहेर बघत होते.

“आता मला चढता यायाचं न्हाई,” ते म्हणाले. “आत्ताच लिवून दिलंय न्हवं?”

मी पाकीट पिशवीत टाकलं; आता गावातला दुसरा कुणीही माझ्या कागदावर झाडाला हात लावणार नव्हता. त्या दिवशी मला माझ्या सुवाच्य अक्षराची किळस आली.

त्या वर्षी आबांनी पावसाच्या आधीच न भाजल्या वाफ्यावर धूळवाफ, म्हणजे कोरड्या मातीतच बी, पेरली होती. रोप उगवलं ते विरळ, पिवळं, गवतानं दाबलेलं. शेजाऱ्यापाजाऱ्यांची लावणी उरकल्यावर रोपांच्या उरलेल्या मुठी मागून त्यांनी निम्मं खाचर लावलं, निम्मं तसंच पडलं. आणि शाळा? वर फांदी करकरत असताना मुलांना खाली बसवायची माझी छाती होईना. एक दिवस आबाच दारात आले. “पोरं माझ्या पडवीत बसवा. फांदी काय लई दिस तग धरत न्हाई.” मी नको म्हणाले. ते म्हणाले, “तुमच्यासाटी न्हाई म्हनत, बाई. पोरांसाटी म्हनतोय.” मग मी फळा उचलून त्यांच्या पडवीत नेला. आबांच्या घरच्या आजी रोज दुपारी चुलीपुढून उठून मुलांना पाणी द्यायच्या. माझ्याकडे बघायच्या नाहीत.

आषाढातल्या एका दुपारी फांदी मोडली. आम्ही पडवीतून आवाज ऐकला. जाऊन पाहिलं तर पहिली-दुसरीच्या बाजूची कौलं, वासे, रिपा सगळं खाली आलेलं, आणि निम्मी फांदी अजून सालीला धरून खोडावर लोंबत, उरलेल्या छपरावर टेकलेली. ती निखळली असती तर भिंतही गेली असती. मुलांना काही झालं नाही. मी चौतीस डोकी दोनदा मोजली.

दोन दिवसांनी जीप आली. साहेब स्वतः, सोबत गार्ड. सगळं गाव इरली-घोंगड्या घेऊन शाळेपुढे उभं होतं. साहेबांनी फांदी चारही बाजूंनी बघितली.

“ही नीट उतरवायला पाहिजे. नुसती ओढली तर भिंत घेऊन येईल,” ते म्हणाले. “गावात झाडाचं जाणणारा कोणी आहे का? चढणारा, अनुभवी?”

गार्ड जीपच्या चाकाकडे बघत होता. आबा पुढच्याच रांगेत होते. साहेबांनी त्यांना ओळखलं नाही. त्यांच्यापुढून रोज किती टोप्या जात असतील. त्यांनी आबांनाच विचारलं, “काय हो बाबा, कोणी आहे का?”

“न्हाई, सायेब,” आबा म्हणाले. “हितं कुनालाच येत न्हाई.”

गावानं माना हलवल्या. साहेब माझ्याकडे वळले. “बाई, तुम्ही शिकलेल्या आहात. तुम्हाला तरी कोणी माहीत आहे का?”

माझ्या तोंडून शब्द निघाला, “नाही.”

“मग तसं लिहून द्या. गावात अनुभवी इसम नाही. म्हणजे मला पुण्याहून माणूस मागवता येईल.”

मी पडवीत जाऊन कागद घेतला. एकच ओळ लिहिली. सही केली, शिक्का मारला. साहेबांनी कागद घडी करून खिशात घातला आणि जीप गेली. लोक पांगले. आबा माझ्याजवळ येऊन उभे राहिले.

“काय लिवलं, बाई?”

“या गावात झाडाचं कुणालाही काही कळत नाही, असं.”

आबांनी मान डोलावली.

“हां,” ते म्हणाले. “आता बरूबर लिवलं.”